शेजारी पाया खोदतोय? स्लॅब पडायच्या आधी हद्द मोजून घ्या

महागाव : दिवाळी झाली, कापूस घरात आला की गावोगावी बांधकामं निघतात. कुणाचं घरकुल मंजूर झालेलं असतं, कुणी जुनं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधतो, कुणी मुलासाठी वरचा मजला चढवतो. मिस्त्री दोरी मारतो, चुना टाकतो आणि खोदकाम सुरू होतं. त्याच दिवशी बाजूच्या घरात कुजबुज सुरू होते : "आपल्या जागेत तर येत नाही ना?"

बहुतेक लोक तेव्हा गप्प बसतात. शेजारधर्म आहे, एकाच भावकीतले आहेत, उगाच वाईटपणा कशाला, असा विचार करतात. मग कॉलम उभे राहतात, भिंत वर येते, स्लॅब पडतो, छज्जा आपल्या अंगणावर येतो आणि तेव्हा भांडण पेटतं. तोवर समोरच्याचे लाखो रुपये मातीत गेलेले असतात. तो मागे हटायला तयार नसतो आणि कोर्टातली लढाई वर्षानुवर्षं चालते.

हद्दीचा वाद मिटवायची सगळ्यात स्वस्त वेळ म्हणजे पाया भरायच्या आधीचे आठ-पंधरा दिवस. त्या दिवसांत काय करायचं, कुठं जायचं, कायदा कुणाच्या बाजूनं किती आहे, याची ही माहिती.

नऊ इंच म्हणजे किती?

"नऊ इंचानं काय होते?" असं सहज म्हटलं जातं. हिशेब करून बघा. दोन घरांमधली सामाईक हद्द ४० फूट लांब असेल आणि शेजाऱ्याची नऊ इंची भिंत पूर्णपणे तुमच्या बाजूला आली, तर ३० चौरस फूट जागा गेली. त्यावर छज्जा दोन फूट पुढे आला तर आणखी ८० चौरस फूट जागेवरचं आभाळ गेलं. उद्या तुम्हाला वर मजला चढवायचा झाला तर तो छज्जा आडवा येणार. वाटण्या झालेल्या लहान घरांत एवढी जागा म्हणजे एक न्हाणी किंवा जिना.

जागेची मालकी जमिनीवरच संपत नाही. तुमच्या जागेच्या वर आलेला छज्जा, पत्रा, पायऱ्या, पाण्याचा पाईप हेही अतिक्रमणच. पाया खालून तुमच्या बाजूला सरकवला असेल आणि वर भिंत सरळ दिसत असेल, तरी तेही अतिक्रमणच.

आधी कागद बघा : तुमच्याकडे नेमकं काय आहे?

गावात सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. लोक ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढतात आणि "हा माझ्या मालकीचा कागद" म्हणतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही घर-कर आकारणीची नोंद आहे. कोण कर भरतो ते त्यातून कळतं. त्यावर नाव आहे म्हणून मालकी पक्की झाली असं कोर्ट मानत नाही. आणखी एक गोंधळ : तलाठ्याकडचा "आठ-अ" वेगळा. तो शेतजमिनीच्या खात्याचा उतारा आहे. त्याचा गावठाणातल्या घराशी संबंध नाही.

जागा कुठली आहे त्याप्रमाणे कागद बदलतो :

गावठाणातलं घर असेल तर मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड आणि सनद बघा. पूर्वी बहुतेक गावठाणांची मोजणीच झालेली नव्हती. २४ एप्रिल २०२० ला केंद्र सरकारनं स्वामित्व योजना सुरू केली आणि ड्रोननं गावठाणं मोजायचं काम देशभर निघालं. १८ जानेवारी २०२५ ला एकाच दिवशी देशात ६५ लाखांहून जास्त मालमत्ता पत्रकांचं वाटप झालं. ज्या गावात हे काम पूर्ण झालं, तिथं प्रत्येक घराचा नकाशा आणि क्षेत्रफळ सरकारी दप्तरी आलेलं आहे. आपल्या गावाचं झालं की नाही, हे ग्रामपंचायतीत किंवा भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. झालं असेल तर कार्डावरचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष जागा जुळते का ते आताच तपासा. चूक असेल तर ती दुरुस्त करायला अर्ज द्या. शेजाऱ्याचं बांधकाम निघाल्यावर ती चूक सापडली तर फार उशीर होतो.

एनए प्लॉट असेल तर मंजूर ले-आऊटचा नकाशा, खरेदीखत आणि सातबारा बघा. खरेदीखतात चतु:सीमा लिहिलेल्या असतात : पूर्वेला काय, पश्चिमेला काय, लांबी-रुंदी किती.

वडिलोपार्जित घर असेल आणि भावाभावांत तोंडी वाटणी झाली असेल, तर ते सगळ्यात नाजूक प्रकरण. "बापानं हात करून दाखवलं होतं" याला कागदाचा आधार नसतो. अशा ठिकाणी जुनी करपावती, वीजबिल, जुने फोटो, आजूबाजूच्या वयस्क लोकांची माहिती हे सगळं गोळा करावं लागतं.

मोजणी कशी मागवायची?

हद्द ठरवायचा अधिकार भूमी अभिलेख खात्याचा आहे. तालुक्याच्या ठिकाणी उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांचं कार्यालय असतं. जुन्या सवयीनं लोक त्याला टीएलआर ऑफिस म्हणतात. तिथं "हद्द कायम मोजणी"चा अर्ज करायचा. अर्ज ऑनलाइन ई-मोजणीवरही भरता येतो. स्वतःला जमत नसेल तर सेतू केंद्रातून भरून घ्या.

डिसेंबर २०२४ पासून मोजणीचे दोनच प्रकार ठेवले आहेत : नियमित आणि द्रुतगती. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंतच्या जमिनीसाठी नियमितला २,००० रुपये आणि द्रुतगतीला ८,००० रुपये शुल्क तेव्हा ठरलं. शुल्काचे दर बदलत असतात, त्यामुळे चलन भरण्याआधी ऑफिसात चालू दर विचारून घ्या. बाजूला पाया खोदणं सुरू झालं असेल तर नियमित मोजणीची वाट बघण्यात अर्थ नाही.

मोजणीच्या तारखेची नोटीस लगतच्या कब्जेदारांनाही जाते. त्या दिवशी भूकरमापक येतो, मशीन लावतो, खुणा दाखवतो. शेजारी सही करायला आला नाही किंवा सही द्यायला नकार दिला, म्हणून मोजणी अडत नाही. नंतर नकाशाची "क" प्रत मिळते. ती जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक ठिकाणी तीच लागते. भूकरमापकानं दाखवलेल्या खुणांवर लगेच दगड किंवा लोखंडी गज पक्का रोवून घ्या. खडूची आणि चुन्याची खूण पहिल्या पावसात जाते.

मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते. तीही मान्य नसेल तर जिल्हा स्तरावर सुपर निमताना. पण "माझ्या विरोधात गेली म्हणून मान्य नाही" एवढंच कारण पुरत नाही. चूक कुठं झाली ते दाखवावं लागतं.

शेजाऱ्याला परवानगी लागते का?

लागते, पण किती लागते ते जागेवर आणि आकारावर ठरतं.

महागाव शहरात नगरपंचायत आहे. तिथं बांधकाम परवानगी नगरपंचायतीकडून घ्यावी लागते. मंजूर नकाशा सोडून बांधकाम चाललं असेल तर काम थांबवायची नोटीस द्यायचा अधिकार नगरपंचायतीला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार आहे.

बाकीच्या गावांत महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चं कलम ५२ लागू आहे. त्यात गावाच्या हद्दीत बांधकामासाठी ग्रामपंचायतीच्या परवानगीची तरतूद आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ग्रामविकास विभागानं लहान घरांसाठी ही वाट सोपी केली. सुमारे ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरच्या बांधकामाला नगररचना विभागाच्या परवानगीची गरज उरली नाही. १,६०० चौरस फुटांपर्यंत मालकीचा कागद, नकाशा आणि परवानाधारक इंजिनिअरचा दाखला ग्रामपंचायतीत दाखल करायचा आणि काम सुरू करायचं. त्यापुढे ३,२०० पर्यंत याच कागदांसोबत विकास शुल्क भरायचं.

म्हणजे "आता परवानगीच लागत नाही" हे अर्धंच खरं. कागद दाखल करावेच लागतात आणि बांधकाम नियमात बसतं असा दाखला इंजिनिअरला द्यावाच लागतो. शेजाऱ्यानं काय दाखल केलं आहे ते ग्रामपंचायतीत विचारा. सांगितलं नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

भिंतीपासून किती जागा सोडायची, हा प्रश्न सगळे विचारतात. राज्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित बांधकाम नियमावली आली. गावठाणातल्या दाट वस्तीत हे अंतर कमी असतं, कारण तिथं घरं पूर्वापार एकमेकाला चिकटून आहेत. ले-आऊटच्या प्लॉटवर समोर, मागे आणि बाजूला मोकळी जागा सोडावी लागते. किती फूट, ते प्लॉटचा आकार आणि समोरचा रस्ता यावर ठरतं. म्हणून कुणाच्या तरी "तीन फूट सोडावंच लागते" या बोलण्यावर जाऊ नका. दाखल केलेला नकाशा बघा, त्यात अंतर लिहिलेलं असतं.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. जागा कुणाच्या मालकीची, हे ग्रामपंचायत ठरवू शकत नाही. ती परवानगीचं बघते आणि सार्वजनिक रस्ता, नाली, मोकळ्या जागेवरचं अतिक्रमण कलम ५३ खाली काढू शकते. दोन घरांमधल्या हद्दीचा निकाल दिवाणी कोर्टच देतं. त्यामुळे सरपंचांनी "मी बघतो" म्हटलं म्हणून निवांत बसू नका.

कशाला हरकत घेता येते आणि कशाला नाही

आपल्या जागेत आपलं घर बांधायचा हक्क शेजाऱ्याला आहे. त्याचं घर तुमच्यापेक्षा उंच झालं, तुमच्या घरावर सावली आली, पूर्वी दिसणारं शेत आता दिसत नाही, यासाठी सहसा काम थांबवता येत नाही.

खिडकीचं वेगळं आहे. सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे, तुमच्या खिडकीतून उजेड आणि हवा सलग २० वर्षं, उघडपणे आणि विनातक्रार येत असेल, तर तो तुमचा हक्क होतो. समोरची जागा सरकारी असेल तर ही मुदत ३० वर्षं. शेजाऱ्यानं भिंत बांधून उजेड अडवला तर दोन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. पण थोडासा उजेड कमी झाला म्हणून दावा टिकत नाही. घरात राहणं किंवा नेहमीचं काम करणं खरोखर अवघड व्हायला हवं. पाच-सात वर्षांपूर्वी तुम्हीच पाडलेली खिडकी असेल तर हा हक्क लागत नाही. शेजारी आपल्या हद्दीत भिंत उभारून ती झाकू शकतो.

वहिवाटीच्या रस्त्यालाही हाच २० वर्षांचा नियम आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९७१ च्या एका निकालात स्पष्ट केलं आहे की, जागा माझीच असं समजून जो ती वापरत आला, त्याला त्याच जागेवर वहिवाटीचा हक्क सांगता येत नाही. वहिवाट म्हणजे दुसऱ्याच्या जागेवरचा हक्क. म्हणून दावा लिहिताना "जागाही माझी आणि वाटही वहिवाटीची" असं दोन्हीकडून बोलू नका. वकिलाला खरी परिस्थिती सांगा.

पाया, काळी माती आणि जुनी भिंत

आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. बाजूला पाच फूट खड्डा खोदून तो तसाच उघडा ठेवला आणि अवकाळी पाऊस आला, तर जुन्या मातीच्या भिंतीचा आधार सुटतो. भिंत कोसळली की जागा राहते बाजूला, जिवाचा प्रश्न येतो.

कायद्यात याला आधार आहे. तुमच्या जमिनीला बाजूच्या जमिनीचा जो नैसर्गिक आधार असतो, तो शेजाऱ्याला काढून घेता येत नाही. घराच्या भिंतीला मिळणारा आधार २० वर्षं चालत आलेला असेल तर तोही हक्क ठरतो. निष्काळजीपणे खोदून नुकसान केलं तर भरपाई मागता येते.

पण भरपाईपेक्षा भिंत वाचलेली बरी. म्हणून शेजाऱ्याला आणि मिस्त्रीला तीन गोष्टी सांगा. हद्दीलगतची नाली एकदम पूर्ण लांब न खोदता तुकड्या-तुकड्यानं खोदा आणि लगेच भरा. खोदलेली माती आमच्या भिंतीवर रचू नका. पावसाच्या तोंडावर ही बाजू खोदू नका. आणि खोदकाम सुरू होण्याआधी आपल्या भिंतीचे आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा. तडा आधीचा की नंतरचा, हा वाद त्यानं मिटतो.

सामाईक भिंत असेल तर जास्त सांभाळा. घरकुल मिळालं म्हणून एकानं आपलं जुनं घर पाडलं की दुसऱ्याच्या घराची भिंतही उघडी पडते. सामाईक भिंत एकट्याला परस्पर पाडता येत नाही, तिच्यावर वरचा मजला चढवता येत नाही. भिंत पाडायचीच असेल तर आधी लेखी ठरवा : नवी भिंत कुणाच्या जागेत, खर्च कुणाचा, तोवर उघड्या बाजूला पत्रे कोण लावणार.

पाण्याचं कुठं जाणार?

नव्या घराचं पाणी हा वादाचा दुसरा मोठा विषय. पूर्वी कौलाचं पाणी वळचणीतून सांदीत पडायचं, कुणाला त्रास नव्हता. आता स्लॅबचं सगळं पाणी एका पाईपातून धो-धो पडतं आणि तो पाईप शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडलेला असतो. आपल्या छताचं पाणी दुसऱ्याच्या जागेत सोडायचा हक्क आपोआप मिळत नाही. पाईप आपल्याच हद्दीत उतरवून नालीला जोडावा लागतो. शोषखड्डा आणि संडासाची टाकी शेजाऱ्याच्या भिंतीला किंवा विहीर-बोअरला चिकटून घेऊ नये.

नाली बुजवून त्यावर ओटा किंवा पायऱ्या बांधल्या असतील तर तो फक्त दोघांचा वाद राहत नाही. ते सार्वजनिक अतिक्रमण आहे आणि ग्रामपंचायतीला ते काढता येतं. २२ जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्यानं वेढलं, तेव्हा माणसं काढायला हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली होती. एवढा पाऊस ज्या तालुक्यानं बघितला, तिथं पाण्याची वाट मोकळी ठेवणं सगळ्यांच्याच हिताचं.

शेतात धुऱ्याला लागून बांधकाम असेल तर

शेतातला गोठा, मजुराची खोली, विहिरीचं बांधकाम धुऱ्याला टेकून केलं तर तिथंही हद्द कायम मोजणी हाच पहिला उपाय. पण बांधकामामुळे शेतात जायचा रस्ता अडला किंवा पावसाच्या पाण्याचा नैसर्गिक वाहाव अडून पिकाचं नुकसान व्हायला लागलं, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली थेट तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. मुदत मात्र सहा महिन्यांचीच आहे. रस्ता अडल्याच्या दिवसापासून ती मोजतात.

पायरी-पायरीनं काय करायचं

पहिली पायरी, बोलणं. एकटं जाऊ नका, रागात जाऊ नका आणि मजुरांसमोर भांडू नका. घरच्या मोठ्या माणसाला घेऊन सकाळी जा. "भाऊ, घर बांधा, आम्हालाही आनंदच आहे. फक्त पाया भरायच्या आधी दोघं मिळून मोजून घेऊ, खर्च अर्धा-अर्धा" असं म्हटलं तर पुष्कळ लोक ऐकतात. ठरलं ते साध्या कागदावर लिहून दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या.

दुसरी पायरी, पुरावा. रोज एकाच जागेवरून तारखेसह फोटो आणि व्हिडिओ काढा. मूळ फाईल मोबाईलमधून पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे मोबाईलमधला पुरावा कोर्टात प्रमाणपत्रासह देता येतो.

तिसरी पायरी, लेखी हरकत. ग्रामसेवकाला (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) किंवा नगरपंचायतीला अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीला किंमत नसते. ग्रामपंचायतीनं दखल घेतली नाही तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे जा. सोबतच मोजणीचा अर्ज भरा.

चौथी पायरी, मध्यस्थी. १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेची समिती गावात चालू असेल तर तिच्यापुढे विषय ठेवा. तालुका विधी सेवा समितीकडेही अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि ३ लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्यांना वकील मोफत मिळतो. महिलांना उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर माहिती मिळते. लोकअदालतीत तडजोड झाली तर ती कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की असते आणि त्यावर अपील नसतं.

पाचवी पायरी, कोर्ट. काम थांबत नसेल तर दिवाणी कोर्टात मनाईचा दावा आणि सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज. मोजणीसाठी कोर्ट कमिशनरही नेमता येतो. इथं उशीर सगळ्यात महाग पडतो. डोळ्यांदेखत घर उभं राहू दिलं आणि मग कोर्टात गेलात, तर "इतके दिवस गप्प का होता?" हा पहिला प्रश्न येतो. बांधलेलं पाडायचा हुकूम मिळणं, न बांधलेलं थांबवण्यापेक्षा कितीतरी कठीण. आणि १२ वर्षं दुर्लक्ष केलं तर जागेवरचा दावाच हातातून जाऊ शकतो.

अर्ज असा लिहा

*प्रति, ग्रामपंचायत अधिकारी, ग्रामपंचायत ........, ता. महागाव, जि. यवतमाळ.*

*विषय : हद्दीलगतच्या बांधकामाबाबत हरकत.*

*महोदय, घर क्र. ........ ही आमची मिळकत आहे. तिच्या ........ दिशेला श्री. ........ यांनी दि. ........ पासून पायाचं खोदकाम सुरू केलं आहे. हे खोदकाम आमच्या हद्दीत येत असल्याचं दिसतं. त्यांनी दाखल केलेल्या नकाशाची व कागदपत्रांची पाहणी करून, हद्दीची मोजणी होईपर्यंत त्या बाजूचं काम थांबवण्याबाबत त्यांना लेखी कळवावं. मोजणीचा अर्ज आम्ही दि. ........ रोजी केला आहे. सोबत मिळकतीचा कागद, मोजणी अर्जाची पावती व फोटो जोडले आहेत.*

*अर्जदाराची सही, नाव, दिनांक.*

अर्जात शिवीगाळ, जुनं राजकारण, भावकीचा इतिहास घालू नका. जागा, दिशा, तारीख आणि मागणी, एवढंच ठेवा.

हे करू नका

रात्री जाऊन खुणा उपटणं, पायात माती ढकलणं, मजुरांना हाकलणं यातलं काही करू नका. जागा तुमची असली तरी गुन्हा तुमच्यावर दाखल होईल आणि मूळ प्रश्न मागे पडेल. मारामारीची भीती असेल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. शांतता भंगाच्या प्रकरणात कार्यकारी दंडाधिकारी दोन्ही बाजूंना बांधून घेऊ शकतात. पण हद्द ठरवणं पोलिसांचं काम नाही.

"जेसीबी आणून पाडून टाका" अशीही मागणी होते. १३ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रशासनालाही १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय घर पाडता येत नाही. रस्ता, नदीकाठ अशा सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण याला अपवाद आहे. गावातल्या पुढाऱ्यांनीही लक्षात ठेवावं : सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा ग्रामपंचायत सदस्य अपात्र ठरू शकतो.

बांधणाऱ्यानंही ऐकावं

बांधणारा तुम्हीच असाल तर आधी मोजणी करून घेणं तुमच्याच फायद्याचं. मोजणीचे दोन हजार वाचवायला जाऊन दहा लाखांच्या घरावर मनाई लागली, तर काम बंद, सिमेंट दगड होणार आणि घरकुलाचा पुढचा हप्ता अडकणार. पाया खोदण्याआधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना बोलवा, दोरी त्यांच्यासमोर मारा, फोटो काढा. कुणी खोटी हरकत घेऊन कोर्टातून एकतर्फी मनाई आणेल अशी शंका असेल तर वकिलामार्फत कॅव्हेट टाका. ते ९० दिवस चालतं आणि तुमचं ऐकल्याशिवाय हुकूम होत नाही.

भिंतीची जाडी आपल्याच हद्दीत ठेवा आणि छज्जा आपल्याच अंगणावर काढा. घर एकदाच बांधतो माणूस, पण शेजारी जन्मभर असतो. रात्री-बेरात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली की पहिली हाक त्यालाच जाते.